अपडेट आज करावं की शनिवारी?

मैत्रिणींनो, अंगणात कुरडया वाळत घालाव्यात आणि तेवढ्यात आभाळ भरून यावं, तसा प्रसंग मध्यंतरी माझ्यावर आला. निमित्त होतं घरातल्या कॉम्प्युटरचं.

बी.एड. करायचं गेली दहा वर्षं मनात होतं. आधी मुलं लहान, मग सासूबाईंचं आजारपण. या खेपेस हेच म्हणाले, "आता भरून टाक बाई अर्ज, किती दिवस नुसतं बोलणार?" सगळी कागदपत्रं स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये ठेवली होती. शाळेच्या परीक्षा, घरी पाहुणे असं करत करत अर्ज भरायला बसले ती शेवटच्या दिवशी, दुपारी चारला!

आता गंमत पाहा. तीन आठवड्यांपासून पडद्याच्या कोपऱ्यात सूचना येत होती, 'अपडेट पूर्ण करण्यासाठी कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा.' मी आपली दर वेळी 'नंतर' वर टिचकी मारायची. त्या दिवशी माऊस हलेना, म्हणून नेहमीचा उपाय केला, रीस्टार्ट. झालं! तीन आठवडे ताटकळलेलं अपडेट तेव्हाच लागू व्हायला लागलं. 'काम चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.' तीस टक्क्यांवर काटा अडला तो हलेचना. आणि सव्वापाचला वाऱ्याने दिवे गेले. आमच्या यूपीएसची बॅटरी म्हणजे नावालाच. साडेसहाला वीज आली, तर पडद्यावर 'केलेले बदल मागे घेत आहोत'. नऊ वाजेपर्यंत तेच.

शेवटी मूळ कागदांचे मोबाईलवर फोटो काढले, शेजारच्या वहिनींचा लॅपटॉप मागितला आणि रात्री पावणेअकराला अर्ज गेला. पोळ्या ह्यांनी बाहेरून आणल्या. (परीक्षेचं काय झालं, ते पुढे केव्हातरी सांगेन!) चूक कॉम्प्युटरची नव्हती, माझीच होती. पण त्यानंतर हे अपडेटचं प्रकरण मी नीट समजून घेतलं. ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

सुरक्षेच्या छोट्या अपडेटला इंग्रजीत 'पॅच' म्हणतात, म्हणजे चक्क ठिगळ. विंडोजमध्ये कुठे भोक सापडलं की कंपनी ते बुजवते. ही ठिगळं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. तिकडे अमेरिकेत सकाळ असते, म्हणून आपल्याकडे मंगळवारी रात्री उशिरा. बुधवारी सकाळी कॉम्प्युटर उगाचच रेंगाळत असेल, तर घाबरून मेकॅनिकला बोलावू नका. तो बहुधा आतल्या आत अपडेट उतरवून घेत असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली, की कोणता प्रोग्रॅम किती काम खातोय त्याची यादी दिसते. तासाभरात आपोआप हलका होतो.

मग ही ठिगळं लगेच लावावीत की थांबावं? माझं मत असं, की थोडं थांबावं, पण फार नाही. कारण ठिगळ जाहीर झालं, की भोक कुठे होतं ते चोरालाही कळतं! १४ मार्च २०१७ ला विंडोजमधली एक मोठी चूक दुरुस्त करणारं अपडेट आलं होतं. ज्यांनी ते लावलं नाही, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये १२ मे २०१७ पासून 'वॉनाक्राय' शिरला, फायली कुलूपबंद केल्या आणि पैसे मागू लागला. इंग्लंडमध्ये इस्पितळांना रोगी परत पाठवावे लागले. दोन महिने ठिगळ हातात होतं, लावायचं तेवढं राहिलं होतं.

उलट बाजूही आहे हो. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं, आणि ज्यांनी घाईने घेतलं त्यांच्यापैकी काहींच्या फायली आणि फोटो नाहीसे झाले. कंपनीने काही दिवसांतच ते थांबवलं आणि नोव्हेंबरात दुरुस्त करून पुन्हा दिलं. जे महिनाभर थांबले, त्यांना काही झळ लागली नाही. नवीन लोणचं आपण मुरू देतो ना, तसंच मोठ्या अपडेटचं.

म्हणून मी आता असं करते. महिन्याचं छोटं अपडेट त्याच आठवड्यातल्या शनिवारी दुपारी, मागची आवराआवर झाल्यावर. तोवर त्यात काही मोठी खोट असेल, तर बभ्रा झालेला असतो. वर्षाकाठी येणारं मोठं अपडेट महिना-दोन महिने लांबवते. 'ऐच्छिक' असं लिहिलेल्याच्या वाटेला जातच नाही, प्रिंटर किंवा आवाज बिघडला असेल आणि तेच औषध असेल तरच. अर्ज, परीक्षा, निकालपत्रकं असं काही असलं, की सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन 'पॉज' दाबते. एक आठवड्यापासून पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. 'नंतर, नंतर' करत बसण्यापेक्षा हे बरं, कारण आपल्याला तारीख ठाऊक असते.

अपडेटच्या आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राईव्हवर घ्याव्यात. माझ्या अर्जाची कागदपत्रं पेनड्राईव्हवर असती, तर पाचलाच काम झालं असतं! लॅपटॉप असेल तर तो चार्जिंगला लावावा. भारनियमनाची वेळ टाळावी, आणि 'बंद करू नका' दिसत असताना खरोखरच हात लावू नये. काटा अर्धा तास हलला नाही, तरी आत काम चालू असू शकतं. अपडेटनंतर काही बिघडलं, तर अपडेटच्या इतिहासात जाऊन ते काढून टाकता येतं. मोठं अपडेट मात्र साधारण दहा दिवसांच्या आतच परत फिरवता येतं. तेव्हा पहिल्या आठवड्यातच प्रिंटर, कॅमेरा, मुलांचे प्रोग्रॅम, सगळं एकदा चालवून पाहावं.

आणखी एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. आपण रात्री कॉम्प्युटर 'शटडाऊन' करतो, तेव्हा पुष्कळदा तो पुरता बंद होत नाही. सकाळी पटकन सुरू व्हावा म्हणून आतलं थोडं जपून ठेवतो, आणि बिघाडही जपतो! 'रीस्टार्ट' केलं की मात्र सगळं नव्याने मांडलं जातं. म्हणून कुरकूर सुरू झाली, की बंद करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट करा. (आधी कोपऱ्यात अपडेटची सूचना नाही ना, एवढं बघा!)

जुन्या डेस्कटॉपवर बँकेची, शाळेची साइट 'असुरक्षित' म्हणून उघडेना झाली, तर आधी पडद्यावरची तारीख पाहा. ती जुनी कुठलीतरी दिसली, तर आतला नाण्याएवढा सेल संपलाय. दुकानात 'सीआर २०३२' म्हणून मागा, स्वस्तात मिळतो. मुख्य वीज काढून मगच बदलावा किंवा बदलून घ्यावा.

आणि पडद्यावर अचानक लाल पाटी, भोंगा आणि 'या नंबरवर फोन करा' आलं, तर फोन मुळीच करू नका. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. ती पाटी हलत नसली, तर सरळ रीस्टार्ट करा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर कळवा.

साताऱ्याच्या एका भगिनीने विचारलंय, 'आमच्याकडे विंडोज १० आहे, अपडेट येईनासं झालंय, चालेल का?' १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची अपडेटं संपली. नाव नोंदवणाऱ्यांना कंपनीने त्यापुढेही एक वर्ष सुरक्षेची ठिगळं देऊ केली होती. कॉम्प्युटर एकदम बंद पडणार नाही, पण भोकं उघडी राहतील. तेव्हा तुमचा कॉम्प्युटर विंडोज ११ घेऊ शकतो का, ते आधी तपासून घ्या. नसेल, तर त्यावर मुलांचं टायपिंग आणि जुनी गाणी चालू द्या, बँकेचे व्यवहार मात्र त्यावरून करू नका.