मोटर पाहायची की बॅटरी?

मैत्रिणींनो, विजेची स्कूटर घ्यायला गेलात की दुकानदार आधी मोटरचे वॅट सांगतो. त्याला भुलू नका हं! मोटरची ताकद चढावर नि डबलसीट बसल्यावर कळते. गाडी किती लांब जाणार, ते बॅटरी ठरवते. 2020 साली आलेल्या विजेच्या ‘चेतक’ची बॅटरी सुमारे 3 युनिटची, कंपनीचा आकडा एका चार्जला 85 ते 95 किलोमीटर. मागे मूल, पुढे वह्यांचा गठ्ठा, म्हणून मी तरी त्यातून पाव हिस्सा वजा धरते. तेवढ्यातही हिंगोलीहून औंढ्याला जाऊन-येऊन सहज होते.

‘आयक्यूब’सारखी चाकातच बसवलेली मोटर देखभालीला सोपी, ना चेन ना पट्टा. मात्र मागचा टायर बदलायचा तर वायरी सोडवणारा माहितगार हवा.

250 वॅटच्या आतली, ताशी 25 किलोमीटरची गाडी स्वस्त, लायसनही लागत नाही. पण दोघींना घेऊन चढ आला की रडते. भाजीपुरती ठीक.

भिशीचे पैसे घालण्याआधी बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची नि नवी केवढ्याला, ते लिहून घ्या. ती काढून घरात नेता येते का, हेही विचारा. वरच्या मजल्यावर राहणारीने खाली वायर सोडायची कुठून?