लिऑन दाई : तैवानमध्ये पुरस्कार, चीनमध्ये दारं बंद का?
तैवानचे लिऑन दाई अभिनेतेही आहेत आणि दिग्दर्शकही. त्यांच्या 'नो पुएदो विविर सिन ती' या कृष्णधवल सिनेमाने २००९ मध्ये गोल्डन हॉर्स पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनाचा मान मिळवला. मुलीसाठी सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणाऱ्या गरीब बापाची ही गोष्ट, सत्य घटनेवर बेतलेली.

२०१६ मध्ये मात्र चिनी अभिनेत्री-दिग्दर्शिका झाओ वेई यांच्या सिनेमातून दाई यांना वगळण्यात आलं. ते तैवानच्या स्वातंत्र्याचे समर्थक असल्याचा आरोप चिनी सोशल मीडियावर झाला होता. दाई यांनी तो नाकारला, पण उपयोग झाला नाही.

तैवानची बाजारपेठ छोटी. मोठं बजेट आणि प्रेक्षक चीनमध्ये. त्यामुळे पडद्याबाहेरच्या मतांची किंमत कलाकाराला काम गमावून मोजावी लागते.