छायाचित्रांची छाटाछाट

चित्रातला हवा तेवढा भाग कातरून घेतला म्हणजे चित्राचे काही बिघडत नाही, उलट ते अधिक 'स्वच्छ' होते, असा समज अलीकडे सुशिक्षितांतही रूढ होऊन बसला आहे. शुक्रवार पेठेत राहणाऱ्यास त्याचा प्रत्यय घराबाहेर पाऊल टाकताच येतो. वाढदिवस असो, जयंती असो की पुण्यतिथी, फलकावरील प्रत्येक मुद्रा कोठल्या तरी चित्रातून उपटून आणून भडक रंगावर चिकटविलेली असते. वाढदिवसाच्या पुढाऱ्यांविषयी आमचे म्हणणे नाही. त्यांच्या मागे उभे असलेले लोक बहुधा पुढच्या फलकावर झळकतातच. आमची तक्रार आहे ती डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चित्राविषयी.

कोटणीसांचा जन्म सोलापूरचा, १९१० सालचा. जपानी आक्रमणाने घायाळ झालेल्या चीनच्या मदतीस काँग्रेसने १९३८ साली जे वैद्यकीय पथक पाठविले, त्यांत पाच डॉक्टर होते : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. पाचांच्या एकत्र छायाचित्रातून एकच मुद्रा कापून घेण्याची चाल पडली आहे. कोटणीसांनी तिकडे बेथ्यून रुग्णालयाची धुरा वाहिली, ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच देह ठेवला, आणि १९४६ साली शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. अग्रमान त्यांचा, हे निर्विवाद. परंतु चोळकर तर नागपूरचे! त्यांचे नाव महाराष्ट्रात किती जणांस ठाऊक आहे?

यावर उत्तर मिळते की, कापले ते यंत्राने. त्यांत कोणाचा हेतू नाही. ही ढाल आम्हांस मान्य नाही. संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे आकड्यांचा एक तक्ता. त्यातील तुकडा काढावयाचा तर कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत आणि कोणत्या स्तंभापासून कोणत्या स्तंभापर्यंत, एवढे चार आकडे पुरतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ग्रॅबकट' पद्धतीत आकृतीच्या कडेकडेने कापण्याचे कष्ट यंत्र घेते खरे. पण त्याआधी माणसाने आकृतीभोवती चौकट आखून द्यावी लागते. चौकटीबाहेरचा प्रत्येक बिंदू ही निश्चित पार्श्वभूमी, असे तेथे धरूनच चालतात. रंगांची तुलना करून निवड करावयाची ती केवळ आतल्यांत. कोटणीसांभोवती चौकट पडली की चोळकर पार्श्वभूमी झाले! हा निकाल यंत्राचा नव्हे. हल्ली चौकटीवाचून माणसे हुडकणारी यंत्रेही निघाली आहेत. पण त्यांना पाचही माणसे सापडतात. चार टाकावीत, हे सांगणारे बोट माणसाचेच असते.

दुसरे समर्थन असे की, मूळ चित्र कोठे नाहीसे होते? येथे प्रोग्रामरांच्या अनुभवातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पायथॉन भाषेत ओपनसीव्ही वापरून चित्राचा तुकडा घेतला, तर तो सहसा मूळाची प्रत नसतो. त्याच आकड्यांवर उघडलेली ती एक खिडकी असते. तुकड्यावर रेघ ओढावी तर ती मूळावरही उमटते. स्वतंत्र प्रत हवी तर ती वेगळी मागावी लागते. नवशिक्यांस याचा मनस्ताप होतो. आम्हांस मात्र ही व्यवस्था मोठी सभ्य वाटते. तुकडा कोणाचा, हे यंत्र विसरत नाही. विसर पडतो तो तुकडा निराळ्या फाइलीत साठविताना : चारही आकडे गळतात, मूळ चित्राचे नाव गळते, आणि मग ती फाइल या फोनवरून त्या फोनवर अनाथासारखी हिंडते. ज्याच्या हाती ती पडते, त्यास मूळ चित्र असल्याचाच पत्ता नसतो. मग ते शाबूत असून त्यास काय उपयोग?

कापू नका, असा आमचा हट्ट नाही. फलकाच्या किंवा स्मरणिकेच्या कोपऱ्यात, हा भाग पाच जणांच्या छायाचित्रातला, एवढे छापावे आणि उरलेल्यांची नावे द्यावीत. जागा नसते, ही सबब कृपा करून कोणी सांगू नये. ज्या फलकावर शुभेच्छुकांची तीस-तीस नावे सुखाने मावतात, त्यावर अटल, चोळकर, बसू आणि मुखर्जी एवढी चारच मावत नाहीत काय?