खेपेचे खेळाडू

बराकपूर म्हटलं की आपल्या लोकांना २९ मार्च १८५७ आणि मंगल पांडे एवढंच आठवतं. त्यावर पुन्हा कधीतरी. आज मला भांडायचं आहे आणि भांडण फुटबॉलवरून आहे.

गेल्या शनिवार-रविवारी छावणीपासून थोड्या अंतरावर, नीलगंजच्या बाजूला एका गावात कप होता. सोळा संघ, बाद पद्धत, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, बरोबरी झाली की थेट पेनल्टी. शनिवारी पहिली फेरी, रविवारी उरलेलं सगळं. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांना लागून मैदान, बांबूचे गोलपोस्ट, एका बाजूला घुगनी-मुडीची गाडी आणि दिवसभर थांबायचं नाव न घेणारा माईक. आमच्या लाइनीत भाजी आणणाऱ्या काकांचा मुलगा यजमान क्लबात लेफ्ट बॅक खेळतो. वय अठरा. मी पीटीला निघतो तेव्हा हा रस्त्याच्या कडेनं पळत असतो, असं वर्षभर बघतोय. त्यानंच बोलावलं होतं, म्हणून गेलो.

शनिवारी पोरगं पूर्ण चाळीस मिनिटं खेळलं. संघ १-० नं जिंकला. त्यानं एक बॉल गोललाइनवरून काढला, तो काढला नसता तर सामना पेनल्टीवर गेला असता. गावातल्या बायकासुद्धा त्याचं नाव घेऊन ओरडत होत्या.

रविवारी सकाळी एक गाडी आली. त्यातून सहा-सात जण उतरले, सगळ्यांचे स्वतःचे भारी बूट. तिघं आमच्या यजमान क्लबाकडे आले, बाकीचे दुसऱ्या संघांकडे पांगले. क्लबाकडे जर्सी मोजून चौदा. सेक्रेटरींनी पोराकडे नुसतं बघितलं. त्यानं मैदानाच्या कडेला उभं राहून तीन नंबरची जर्सी अंगातून काढली आणि दिली. शनिवारचा घाम अजून वाळला नसेल तिचा. मग दिवसभर तो पाण्याची बादली घेऊन फिरला. संघ फायनलला पोचला आणि पेनल्टीवर हरला. बक्षीस समारंभ चालू असतानाच ते सगळे पाहुणे, जिंकलेल्यांचे आणि हरलेल्यांचेही, हसत-खिदळत त्याच एका गाडीत बसून गेले. पुढच्या गावात दिव्याखालचा सामना होता म्हणे.

इथे याला 'खेप' म्हणतात. शब्द आपलाच आहे. आपण पाण्याच्या खेपा घालतो, ट्रॅक्टरवाला उसाच्या खेपा करतो, तसे हे फुटबॉलच्या खेपा करतात. कलकत्ता लीगमध्ये खेळणारी, खेळून बाजूला पडलेली पोरं, कधी आफ्रिकेतून आलेले खेळाडूसुद्धा, एका सामन्याचे रोख पैसे घेऊन कुठल्याही गावाकडून उतरतात. आज या रंगाची जर्सी, उद्या त्या रंगाची.

मी सेक्रेटरींना विचारलं. भला माणूस आहे, स्वतःच्या खिशातून चुना-दोरी आणतो. म्हणाले, "साहब, इनके बिना पब्लिक नहीं आएगा." मला हे पटत नाही. शनिवारी पब्लिक नव्हतं का? उलट शनिवारी आया-बहिणी कडेला होत्या, कारण मैदानात त्यांची पोरं होती. रविवारी गर्दी वाढली हे खरं, पण ती पैज लावणाऱ्यांची आणि मोबाईल वर धरणाऱ्यांची. फायनलला पेनल्टी चुकली तेव्हा शेजारचा माणूस मला विचारत होता, हा चुकवणारा कोण? स्वतःच्या गावाच्या संघात कोण खेळतंय हे गावाला माहीत नाही, मग ही गर्दी कसली मोजता?

दुसरं उत्तर जड आहे आणि ते टाळता येत नाही. खेप करणारी पोरं गरिबाघरची आहेत. मोठ्या क्लबाचा करार सगळ्यांच्या नशिबी नसतो, गुडघा गेला की विचारणारं कोणी नाही, तोवर चार पैसे कमावतात. बरोबर आहे. म्हणून माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. हमालानं ओझं वाहिलं तर हमालाला दोष देत नाहीत. भांडण ओझं ठरवणाऱ्या कमिट्यांशी आहे. त्या वर्षभर पोरांना एक नवा बॉल घेऊन देत नाहीत आणि एका रविवारी भाड्याच्या पायांवर सगळी वर्गणी उधळतात.

तिसरा शहाणा इतिहास काढतो. १९११ साली मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून शील्ड जिंकली, त्या अकरा जणांत तरी बरेच पूर्व बंगालकडचे होते, त्याच पाड्यातले कुठे होते? नव्हते. पण ते त्या क्लबाचे होते. एकत्र सराव केला, एकत्र हरले, मग २९ जुलैला जिंकले. दहा जण अनवाणी होते, पण कोणाचं मीटर चालू नव्हतं. आणि समोर होती पलटण, एकत्र राहणारी, एकत्र खाणारी. त्या विजयाची किंमत त्यातच आहे.

आता घरचं झाकून ठेवत नाही. फौजेतही हे होतं. मी नवा जवान असताना ब्रिगेडच्या कपाआधी दुसरीकडून तीन खेळाडू अटॅच करून आणले गेले. त्यात माझी जागा गेली. आम्ही जिंकलो, बडा खाना झाला, फोटो निघाला. फोटो आजही माझ्याकडे आहे. त्यात मी नाही. त्या तिघांची नावं विचाराल तर मला आठवत नाहीत, आणि ते चौथ्या दिवशी कुठे गेले हेही माहीत नाही. त्यानंतर दोन वर्षं मी बूट घातले नाहीत. लेफ्ट बॅक पोरगं बादली घेऊन माझ्यासमोरून गेलं तेव्हा हेच आठवलं.

आम्हा कोल्हापूरकरांनी तर यावर फार बोलू नये. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावं तालमींची आणि पेठांची. शाहू स्टेडियमवर माणसं पेठेसाठी घसा फोडतात. आणि तिथेही परदेशी पाय आणायची चढाओढ झालीच. मी रजेवर असताना बघितलंय, पेठेतला पोरगा कट्ट्यावर आणि पेठेची जर्सी दुसऱ्याच्याच अंगावर.

उपाय अवघड नाही. खुद्द कलकत्ता लीगमध्ये गेल्या काही वर्षांत ठरावीक संख्येनं बंगालचे खेळाडू मैदानात हवेतच, असा नियम आला. त्यांना तिथे 'भूमिपुत्र'च म्हणतात. एवढ्या मोठ्या लीगला जे जमतं ते सोळा संघांच्या कपाला का जमू नये? अकरातले आठ जण त्याच पंचायतीतले. दोन जण एकोणीसच्या आतले. शनिवारी ज्याचं नाव यादीत लागलं तोच रविवारी खेळेल, नवीन नाव घुसवायचं नाही. बाहेरचे तीन आणायचेत तर आणा, पण मोसम सुरू होताना नाव नोंदवा आणि निदान महिनाभर सरावाला उभे करा. जो महिनाभर सकाळी येईल तो भाड्याचा उरत नाही, मग तो कुठलाही असो.

हे सगळं मी हिंदीत एका कागदावर लिहून परवा सेक्रेटरींना दिलं. त्यांनी वाचलं, "ठीक बात है साहब" म्हणाले आणि घडी करून खिशात ठेवलं. पुढचा कप फेब्रुवारीत आहे. पोरगं सोमवारी रस्त्यावर दिसलं नाही, मंगळवारीही नाही. आज सकाळी दिसलं, पळत होतं.