फळ्याच्या कोपऱ्यातली नावे

यंदाचा अंक आम्ही शाळेला वाहिला आहे. मलकापूर आणि आसपासच्या गावांतल्या शिक्षकांनी, पालकांनी आणि मुख्य म्हणजे मुलांनी त्यासाठी मनापासून लिहिले. मुलांच्या लेखनात एक विषय पुन्हा पुन्हा आला, तो मॉनिटरचा. म्हणून संपादकीयही त्यावरच.

ऑफ तासाला मॉनिटर फळ्यापाशी उभा राहतो. कोपऱ्यात चौकट आखतो, वर ‘बोलणारे’ असे लिहितो आणि खाली नावे टाकू लागतो. पुन्हा बोलले की नावापुढे अधिकची खूण. दोन खुणा झाल्या की मागच्या बाकावरून विनवण्या सुरू होतात, पाठोपाठ मधल्या सुट्टीत बघून घेण्याची धमकी येते. जिवलग मित्राचे नाव लिहायचे की गाळायचे, हे तेरा-चौदा वर्षांच्या पोराने एकट्याने ठरवायचे. सर येतात, यादीतल्यांना उभे करतात, फळा पुसला जातो. मुले का बोलत होती, हे कोणी विचारत नाही.

शिस्तीतला विद्यार्थी प्रतिनिधींचा वाटा बहुतेक शाळांत एवढाच असतो. शाळा सुरू झाली की शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. हल्ली मतदानही मोबाइलवर घेतात. शपथविधी होतो, बिल्ले लागतात, पेपरात फोटो येतो. पुढे मुख्यमंत्र्याने परिपाठाच्या रांगा सरळ करायच्या आणि आरोग्यमंत्र्याने नखे तपासायची. निवडून दिले मुलांनी, पण जाब द्यायचा फक्त शिक्षकांना. अशा पोराला वर्ग आपला माणूस मानत नाही, आणि त्यात वर्गाचे काही चुकत नाही.

आपल्याच रेल्वेमार्गावर, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, हे वेगळ्या रीतीने करून पाहिले गेले. १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर तिथे नई तालीमची, म्हणजे गांधीजींच्या कामातून शिक्षणाच्या कल्पनेची, शाळा उभी राहिली. आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने ती चालवली. तिथलीही मुले आपले मंत्री निवडत. पण स्वयंपाक, सफाई अशी खरी कामे त्यांच्या हाती असत, आणि त्या कामांचा हिशेब आमसभेत सगळ्या मुलांपुढे मांडावा लागे. ज्याला सोबत्यांसमोर उभे राहून उत्तर द्यायचे आहे, तो चुगलीवर भागवू शकत नाही. त्याला काम वाटून घ्यावे लागते, नियम पटवून द्यावा लागतो, आणि न पटणारा नियम बदलून घ्यायला गुरुजींकडे जावे लागते. विद्यार्थी नेत्याचे खरे काम आम्हाला हे वाटते.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. दाताळा, नरवेल, उमाळीकडची मुले एसटीच्या पासवर शाळेत येतात. गाडीला उशीर झाला की पोरांनाही होतो. फाटकावर उभा असलेला प्रतिनिधी त्यांची नावे ‘उशिरा आलेले’ म्हणून वहीत उतरवतो. त्याच प्रतिनिधीने महिनाभर गाडीच्या वेळा टिपल्या आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन तो कागद आगारात नेऊन दिला तर? वही तीच, पोरगाही तोच. पण त्याचा शब्द दुसऱ्या दिवशी वर्गात नक्की ऐकला जाईल.

मारामारी, छेडछाड, दप्तरातली गुटख्याची पुडी ही प्रकरणे मात्र मुलांवर सोपवू नयेत. तिथे प्रतिनिधीने विश्वासाने सांगावे आणि मोठ्यांनी लगेच हलावे. मॉनिटरच्या हाती छडी देणे तर सरळ गैर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली आहे. जे गुरुजींना करता येत नाही, ते पोराकडून करवून घेता येत नाही.

आणि मोठ्यांच्या शिस्तीचे काय? मार्च २०२३मध्ये बारावीच्या गणिताच्या पेपरची पाने आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजातून बाहेर आली. पकडलेल्यांत शिक्षकही होते. परीक्षेच्या दिवसांत केंद्राच्या खिडकीशी कोण उभे असते, हे आपण सगळे जाणतो. त्या खिडकीखाली काका, दादा उभे असताना मॉनिटरने वर्गात कोणत्या तोंडाने शिस्त सांगायची? शिस्त आधी मोठ्यांनी स्वतः करून दाखवावी लागते. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. तिथल्या छात्रालयात पोरांचा पसारा ते स्वतः आवरत, खोल्या झाडत. मुले लाजून आपली कामे आपण करू लागली.

मलकापूर तालुक्यातल्या सगळ्या मुख्याध्यापकांना आमची कळकळीची विनंती आहे. दिवाळीनंतरच्या सत्रात महिन्यातून एका शनिवारचा शेवटचा तास आमसभेला द्या. अध्यक्ष मुलांतलाच असावा. शिक्षकांनी मागे बसून ऐकावे. मंत्र्यांनी हिशेब द्यावा, मुलांनी प्रश्न विचारावेत, शाळेचा एखादा नियम त्यांना जाचत असेल तर तेही बोलू द्यावे. झालेले ठराव मुलांच्याच अक्षरात वहीत उतरवा. त्या वह्या आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळी अंकाची पाने आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवत आहोत.