सिरसाळ्यात धो धो, मॉडेलमध्ये रिमझिम! असं का होतं?

परळी तालुक्यातल्या सिरसाळा परिसरात एका शिवारात ओढा फुटतो आणि दोन-चार किलोमीटरवर रस्ताही नीट भिजत नाही. इथल्या कुणाला यात नवल नाही. पण पुराचा अंदाज काढणाऱ्या संगणकाच्या मॉडेलला हे दिसतं का? बहुतेक वेळा नाही.

हवामान विभागाचा १९०१ पासूनचा रोजच्या पावसाचा डेटा ०.२५ अंशांच्या चौकटींत मिळतो. एक चौकट साधारण २५ बाय २५ किलोमीटरची. म्हणजे ६२५ चौरस किलोमीटरसाठी दिवसाला एकच आकडा.

समजा, चौकटीच्या पाव भागात ७० मिमी पाऊस पडला आणि उरलेल्या भागात १०. सरासरी आली २५. जलशास्त्रात सर्रास वापरली जाणारी 'कर्व्ह नंबर' पद्धत घ्या, काळ्या जमिनीसाठी नंबर ८० धरा. २५ मिमीतून जेमतेम २ मिमी पाणी वाहतं. पण तो पाव भाग वेगळा मोजला, तर तिथून २७ मिमी वाहतं. अख्ख्या चौकटीवर वाटलं तरी जवळपास ७. पाऊस तेवढाच, उत्तर तिपटीहून जास्त! जमीन आधी आपला वाटा पिते, उरलेलं पाणी ओढ्याला लागतं. सरासरीत नेमकं हे उरलेलं पाणीच गायब होतं.

मग चौकट बारीक करा, असं कुणीही म्हणेल. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये मीही २५ किमीचा डेटा सॉफ्टवेअरमधून १ किमीचा केला होता. नकाशा देखणा झाला, माहिती काडीचीही वाढली नाही. उंचीच्या नकाशांचंही तसंच. मोफत मिळणारा एसआरटीएम ३० मीटरचा. पाच मीटर रुंदीचा ओढा त्यात हरवतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: महागडे नकाशे नंतर, आधी पर्जन्यमापक. 'महावेध'चं स्वयंचलित केंद्र महसूल मंडळाला एक, आणि अतिवृष्टीची ६५ मिमीची रेषाही मंडळाच्याच आकड्यावर ठरते. शेत खरवडून गेलं आणि केंद्रावर नोंद ४० मिमी असेल, तर शेतकऱ्यानं दाखवायचं काय?

केंद्राच्या २०२३ मधल्या 'विंड्स' योजनेत ग्रामपंचायतीच्या पातळीवर पर्जन्यमापक बसवायचे आहेत. तुमच्या गावात तो येईल तेव्हा पाण्याच्या टाकीच्या किंवा झाडाच्या आडोशाला बसवू देऊ नका. मोकळी जागा ग्रामसभेतच ठरवून घ्या.