डब्यावरची सात वर्षे

बाहेरच्या भिंतीच्या रंगाच्या डब्यावर ‘सात वर्षांची हमी’ असे ठळक अक्षरांत छापलेले आढळते. ही सात वर्षे कोठली, कोणत्या भिंतीवरची आणि कोणी मोजलेली, हे ग्राहक सहसा विचारीत नाही. विचारलेच तर दुकानदाराजवळ उत्तर नसते. धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठच्या माकणीसारख्या गावी मात्र हा प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपाने किल्लारी, सास्तूर, माकणी हा सारा टापू हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे ओझे माणसांच्या जिवावर उठले. त्यानंतर सिमेंटची घरे आली, हे योग्यच झाले. जुन्या भिंतीवरून दरवर्षी पांढऱ्या मातीचा वा चुन्याचा हात फिरे. खर्च काय तो घरच्या बायकांच्या श्रमांचा. (तो कोणत्याच हिशेबात धरला गेला नाही, ही गोष्ट वेगळी.) सिमेंटच्या भिंतीला विकतचा रंग लागतो, आणि तो किती टिकेल हे घेताना डोळ्यांना दिसत नाही.

ते पाहण्यासाठी प्रयोगशाळा असते. रंग दिलेल्या पट्ट्या यंत्रात ठेवून, एका प्रचलित पद्धतीनुसार, 60 अंश उष्णतेत आठ तास अतिनील किरणांचा मारा आणि 50 अंशांवर चार तास दव, असे चक्र चालविले जाते. 1000 तासांची अशी चाचणी 42 दिवसांत आटोपते. मग रंग किती विटला, फोड आले काय, बोट फिरवताच खडूसारखी भुकटी लागते काय, हे तपासतात. दोन रंगांतला सरस कोणता, हे या पद्धतीने बऱ्यापैकी कळते. परंतु यंत्रातले हजार तास म्हणजे भिंतीवरची अमुक वर्षे, असे सर्वत्र लागू पडणारे गणित या शास्त्राचे जाणकारही मांडत नाहीत. म्हणून तर अमेरिकेत फ्लोरिडाच्या दमट आणि ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत नमुने वर्षानुवर्षे उघड्यावर ठेवण्याची प्रथा पडली.

माकणीची हवा या दोहोंहून निराळी. वैशाखात चाळिशी ओलांडणारे ऊन, पाठोपाठ पावसाळ्याची ओल, पुन्हा कोरडा हिवाळा. त्यात अवर्षणाच्या वर्षी गिलाव्यावर पुरेसे पाणी मारलेच जात नाही. भिंत कच्ची राहते आणि लोणा फुटतो. यंत्रातल्या पट्टीला मागून ओल येत नाही. ती घरातल्या भिंतीला येते, आणि हमीपत्राच्या बारीक अक्षरांतल्या अटी नेमक्या तेथेच आड येतात. त्यांतून हमी मान्य झालीच, तरी अनेकदा नवा रंग तेवढा मिळतो. रंगाऱ्याची मजुरी घरमालकाच्याच माथी बसते.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाचा कस ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू हटतो. रंगाचा बाजार याहून फारसा वेगळा नाही. 2016 साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरकुलासाठी 1 लाख 20 हजार रुपयांचे साहाय्य ठरले. त्यातून भिंती उभ्या राहिल्यावर रंगासाठी उरते ते किती! तो पैसा जाहिरातीच्या भरवशावर घालवावा, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल.

विजेच्या उपकरणांवर 2006 पासून ताऱ्यांची खूण आली, ती ग्राहकाला वाचता येते. रंगाच्या डब्यावरही चाचणीची पद्धत, तास आणि निकाल सोप्या मराठीत छापणे सक्तीचे करता येईल. शिवाय धाराशिव-लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या गच्च्यांवर रंगविलेल्या गिलाव्याचे नमुने उघड्या हवेत मांडून ठेवावेत. निकालास वर्षे लागतील, हा आक्षेप खरा आहे. पण चौकटी, गिलावा आणि दरसाल नोंद घेणारा विद्यार्थी यांखेरीज फारसा खर्च नाही. शाळा आणि आरोग्य केंद्रे रंगविण्याच्या निविदा काढताना जिल्हा परिषदेने पहिल्या वर्षापासूनच या नोंदी मागवाव्यात, आणि त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात.